शब्द स्वीकारला, माणूस नाकारला

विसाव्या शतकाच्या मध्यावर आफ्रिकेच्या खेड्यापाड्यांत रेडिओ पोहोचू लागला, तेव्हा ख्रिस्ती धर्मप्रसारकांनीही या नव्या साधनाकडे लक्ष वळवले. लायबेरियाची राजधानी मन्रोव्हिया येथून १९५४ मध्ये 'ईएलडब्ल्यूए' हे ख्रिस्ती नभोवाणी केंद्र सुरू झाले. १९६३ मध्ये लुथरपंथीय चर्चच्या जागतिक संघटनेने इथिओपियात आदिस अबाबा येथे 'रेडिओ व्हॉइस ऑफ द गॉस्पेल' हे शक्तिशाली केंद्र उभारले. त्यावरून स्वाहिली, फुला, मलागासी अशा कितीतरी भाषांत कार्यक्रम जाऊ लागले. पुढे १९७७ मध्ये इथिओपियाच्या लष्करी राजवटीने आदिस अबाबाचे केंद्र ताब्यात घेतले आणि १९९० च्या यादवी युद्धात मन्रोव्हियाचे केंद्र उद्ध्वस्त झाले. परंतु या केंद्रांमागचे तत्त्व त्यांच्या भिंतींपेक्षा टिकाऊ ठरले. माणसाशी देवाविषयी बोलायचे असेल, तर ते त्याच्या घरच्या भाषेत बोलले पाहिजे, हे ते तत्त्व.

आज हे तत्त्व साधे आणि स्वयंसिद्ध वाटते. आफ्रिकेत मात्र ते रुजवण्यासाठी एका माणसाला आपले सारे आयुष्य खर्ची घालावे लागले, तेही रेडिओ येण्याच्या शंभर वर्षे आधी. हा माणूस लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला होता. पुढे तो अँग्लिकन चर्चचा पहिला कृष्णवर्णीय आफ्रिकी बिशप झाला आणि आयुष्याच्या अखेरीस त्याच चर्चच्या तरुण गोऱ्या प्रतिनिधींकडून अपमानित झाला. त्याचे नाव सॅम्युएल अजायी क्राउदर.

आजच्या नायजेरियाच्या नैर्ऋत्य भागात, योरुबा लोकांच्या प्रदेशात, ओसोगुन नावाचे गाव होते. १८०९ च्या सुमारास तेथे अजायीचा जन्म झाला. ओयोचे बलाढ्य योरुबा साम्राज्य त्या काळात ढासळत चालले होते आणि अंतर्गत युद्धांत पकडलेली माणसे किनाऱ्यावरच्या गुलामांच्या बाजारात विकली जात होती. १८२१ मध्ये एका सकाळी हल्लेखोरांनी ओसोगुनला वेढा घातला. गावाच्या रक्षणासाठी धावलेले वडील पुन्हा दिसले नाहीत. आई, बहिणी आणि इतर आप्तांसह बारा-तेरा वर्षांच्या अजायीच्या गळ्यात दोर पडला. काही काळातच आई आणि मुलाची ताटातूट झाली. पुढच्या वर्षभरात अजायी अनेकदा विकला गेला. एकदा त्याची किंमत एका घोड्याच्या मोबदल्यात ठरली, पुढे ती तंबाखू आणि मद्याच्या मापाने मोजली गेली. गोऱ्या व्यापाऱ्यांच्या हाती पडण्याची भीती इतकी जबर होती, की त्याने एकदा कमरेच्या पट्ट्याने स्वतःचा गळा आवळण्याचाही विचार केला. अखेर लागोसच्या किनाऱ्यावर पोर्तुगीज व्यापाऱ्यांनी त्याला विकत घेतले आणि 'एस्पेरान्सा फेलिझ' या जहाजावर चढवले. जहाजाच्या नावाचा अर्थ सुखद आशा असा होता. नियतीने तो निराळ्या रीतीने खरा केला.

गुलामांचा व्यापार ब्रिटनने १८०७ मध्ये बेकायदा ठरवला होता आणि ब्रिटिश आरमाराची जहाजे पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गस्त घालीत होती. ७ एप्रिल १८२२ रोजी कॅप्टन हेन्री लीक यांच्या 'मर्मिडन' या युद्धनौकेने ते पोर्तुगीज जहाज पकडले. सुटका झालेल्या गुलामांना सिएरा लिओनमधील फ्रीटाउन येथे उतरवण्यात आले. या वसाहतीत चर्च मिशनरी सोसायटीच्या शाळा होत्या. याच संस्थेने पुढे नाशिकजवळच्या शरणपूर येथे, अरबी समुद्रातील गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांसाठी वसाहत चालवली. डॉ. लिव्हिंग्स्टन यांच्या पार्थिवाबरोबर १८७४ मध्ये इंग्लंडपर्यंत गेलेला जेकब वेनराइट याच शरणपूरचा विद्यार्थी. आफ्रिकेच्या दोन्ही किनाऱ्यांवरून उखडलेल्या मुलांचे भवितव्य असे एकाच संस्थेच्या शाळांतून घडत होते.

अजायीने साधारण सहा महिन्यांत इंग्रजी वाचन आत्मसात केले. त्याबरोबर तो सुतारकामही शिकला. ११ डिसेंबर १८२५ रोजी त्याचा बाप्तिस्मा झाला आणि मिशनरी सोसायटीशी संबंधित एका इंग्रज धर्मगुरूचे सॅम्युएल क्राउदर हे नाव त्याने घेतले. १८२७ मध्ये फ्रीटाउनला फुरा बे कॉलेज स्थापन झाले, तेव्हा क्राउदर तेथील अगदी पहिल्या विद्यार्थ्यांपैकी एक होते. त्याच सुमारास असानो नावाच्या तरुणीशी त्यांचा विवाह झाला. बाप्तिस्म्यानंतर ती सुसान या नावाने ओळखली जाऊ लागली. ती त्याच पोर्तुगीज जहाजावरून सुटका झालेली होती आणि पुढे शिक्षिका झाली.

फ्रीटाउनमध्ये पश्चिम आफ्रिकेच्या कानाकोपऱ्यांतून आलेली माणसे राहत होती आणि तेथे अक्षरशः डझनावारी भाषा बोलल्या जात. भाषांविषयीचे क्राउदर यांचे कुतूहल याच वातावरणात वाढले. आधी त्यांनी स्थानिक टेम्ने भाषेचा अभ्यास केला आणि मग ते आपल्या मातृभाषेकडे वळले. १८४१ मध्ये ब्रिटिश सरकारने नायजर नदीच्या अंतर्भागात तीन आगबोटींची मोहीम धाडली. गुलामांच्या व्यापाराला कायदेशीर व्यापाराचा पर्याय द्यावा, असा तिचा हेतू होता. जर्मन मिशनरी आणि हौसा भाषेचे अभ्यासक जे. एफ. शोन यांच्यासमवेत क्राउदर या मोहिमेत होते. तापाने मोहिमेची दैना केली. सुमारे दीडशे युरोपीयांपैकी चाळीसहून अधिक जण मृत्युमुखी पडले. या आपत्तीतून मिशनरी सोसायटीने एक धडा घेतला. आफ्रिकेच्या अंतर्भागात धर्मप्रसार व्हायचा असेल तर तो आफ्रिकी माणसांनीच आणि आफ्रिकी भाषांतूनच करावा लागेल, हा तो धडा.

सोसायटीने क्राउदर यांना इंग्लंडला बोलावले. १८४३ मध्ये लंडनच्या बिशपांनी त्यांना धर्मगुरूपदाची दीक्षा दिली. त्याच वर्षी त्यांचा योरुबा शब्दसंग्रह आणि व्याकरण प्रसिद्ध झाले. फ्रीटाउनला परतल्यावर जानेवारी १८४४ मध्ये त्यांनी योरुबा भाषेत उपासना चालवली. त्या शहरातील ख्रिस्ती प्रार्थनामंदिरांत तोवर इंग्रजीचे राज्य होते. गुलामगिरीने घरदार हिरावून घेतलेल्या श्रोत्यांच्या कानांवर त्या दिवशी घरची भाषा पडली, तीही थेट व्यासपीठावरून. क्राउदर यांच्या पुढील साऱ्या कार्याचे बीज या एका प्रसंगात होते.

त्यानंतर ते इंग्रज मिशनरी हेन्री टाउनसेंड यांच्यासमवेत योरुबा प्रदेशातील अबेओकुटा या शहराकडे निघाले. किनाऱ्यावरील बडाग्री येथे दीड वर्ष अडकून पडल्यावर १८४६ मध्ये ते तेथे पोहोचले. युद्धांनी विस्थापित झालेले हजारो लोक त्या शहरात आश्रयाला आले होते आणि त्यांतच क्राउदर यांची आई अफाला होती. २१ ऑगस्ट १८४६ रोजी सुमारे पंचवीस वर्षांनंतर मायलेकांची भेट झाली. दोघांना कितीतरी वेळ शब्दच फुटला नाही. ५ फेब्रुवारी १८४८ रोजी या आईने आपल्या मुलाच्या धर्माची दीक्षा घेतली, तेव्हा तिला हॅना हे नाव मिळाले. तो विधी योरुबा भाषेत झाला, म्हणून तिला त्यातला शब्दन् शब्द कळला.

अबेओकुटातील वर्षांत बायबलच्या अनुवादाचे काम आकाराला आले. महाराष्ट्रातील वाचकांना या संदर्भात विल्यम केरी यांचे स्मरण व्हावे. श्रीरामपूरच्या केरी यांनी वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण छापले आणि १८११ मध्ये मराठी नवा करार प्रसिद्ध केला. त्या उपक्रमात भाषा जाणणारा पंडित साहाय्यक होता आणि अनुवादाची सूत्रे परकीय मिशनऱ्याच्या हाती होती. योरुबाच्या बाबतीत मात्र अनुवादाच्या केंद्रस्थानी ती भाषा आईच्या मांडीवर शिकलेला माणूस होता. आफ्रिकी भाषेत हे घडण्याचे जवळजवळ पहिलेच उदाहरण.

त्यांची कामाची पद्धत सावकाश आणि काटेकोर होती. योरुबा ही सुरांची भाषा आहे. 'ओको' या एकाच उच्चाराचा अर्थ आवाजाच्या चढउताराप्रमाणे पती, कुदळ, भाला किंवा होडी असा बदलत जातो. अशी भाषा रोमन अक्षरांत बसवायची तर सूर आणि स्वर दाखवणारी चिन्हे ठरवावी लागतात. लेखनपद्धतीचा हा वाद मिटवण्यासाठी १८७५ मध्ये लागोसला परिषद भरली, तेव्हा तिचे अध्यक्षपद क्राउदर यांच्याकडे होते. शब्द मिळवण्यासाठी ते वृद्धांच्या बैठकींत बसत आणि लोकांच्या बोलण्यातल्या म्हणी टिपून ठेवत. जुन्या धर्माच्या पुरोहितांशी आणि मुस्लिम विद्वानांशीही ते संवाद साधत. देवासाठी त्यांनी ओलोरुन हे योरुबांचेच नाव घेतले. धर्मगुरूसाठी अलुफा आणि प्रार्थनेसाठी अदुरा हे शब्द त्यांनी वापरले. हे शब्द मुस्लिमांच्या संपर्कातून योरुबात आधीच मुरले होते. लोकांच्या तोंडी असलेला शब्द कोणत्या वाटेने आला, याचे सोवळे त्यांनी पाळले नाही.

या निवडींपैकी एक मात्र आजही वादाचा विषय आहे. बायबलमधील सैतानासाठी एशू हे नाव योजले गेले. योरुबा परंपरेत एशू हा देव आणि माणूस यांच्यामधला निरोप्या, चौरस्त्यांचा आणि खोड्यांचा देव. तो निखळ दुष्ट नव्हे. एका अनुवादाने या देवतेच्या कपाळी कायमचा कलंक लावला, ही पारंपरिक धर्माच्या अनुयायांची आणि अनेक योरुबा अभ्यासकांची तक्रार आहे आणि ती रास्त आहे. आपल्याच भाषेत काम करणाऱ्या माणसाच्या हातूनही आपल्याच संस्कृतीवर अन्याय होऊ शकतो, याचा हा दाखला म्हणावा लागेल. रोमकरांस पत्राचा अनुवाद १८५० मध्ये निघाला. अन्य सहकाऱ्यांच्या साहाय्याने सबंध योरुबा बायबल पूर्ण व्हायला मात्र १८८० चे दशक उजाडावे लागले.

मधल्या काळात क्राउदर यांची कीर्ती ब्रिटनमध्ये पसरली होती. १८५१ मध्ये त्यांनी व्हिक्टोरिया राणी आणि प्रिन्स अल्बर्ट यांची भेट घेऊन लागोसमधील गुलामांच्या व्यापाराची माहिती दिली. त्या भेटीत त्यांनी प्रभूची प्रार्थना योरुबा भाषेत म्हणून दाखवली आणि राणीला ती भाषा मृदू वाटली. त्याच वर्षाच्या अखेरीस ब्रिटिश आरमाराने लागोसवर तोफा डागल्या आणि १८६१ मध्ये लागोस ब्रिटिशांची वसाहत झाले. गुलामगिरी संपवण्यासाठी ज्या सत्तेचे साहाय्य क्राउदर यांनी मागितले, तीच सत्ता पुढे त्यांच्या भूमीची मालक होऊन बसली. त्यांच्या चरित्रातील हा अंतर्विरोध झाकता येण्यासारखा नाही.

१८५४ मध्ये डॉ. बेकी यांच्या नेतृत्वाखाली 'प्लीअड' ही आगबोट नायजर आणि बेनुए नद्यांतून फिरून आली. क्विनीनच्या नियमित मात्रेमुळे या मोहिमेत एकही मृत्यू झाला नाही आणि अंतर्भागाचा मार्ग खुला झाला. क्राउदर या मोहिमेत होते. १८५७ च्या पुढच्या मोहिमेत त्यांनी ओनिचा येथे नायजर मिशनचा पाया घातला. तेथील भाषा इग्बो, योरुबाहून सर्वस्वी निराळी. त्या भाषेसाठी क्राउदर यांनी प्राथमिक पुस्तक तयार केले आणि मूळच्या इग्बो कुटुंबातल्या जॉन ख्रिस्तोफर टेलर यांच्याकडे ओनिचाचे काम सोपवले. पुढे नुपे भाषेचेही व्याकरण आणि शब्दसंग्रह त्यांनी सिद्ध केला.

मिशनरी सोसायटीचे तत्कालीन सचिव हेन्री व्हेन यांची एक ठाम धारणा होती. आफ्रिकेतील चर्च आफ्रिकी माणसांनीच चालवावे, त्यांनीच त्याचा खर्च उचलावा आणि त्यांनीच ते वाढवावे, असे त्यांना वाटे. या धारणेची कसोटी म्हणून त्यांनी क्राउदर यांचे नाव बिशपपदासाठी पुढे केले. क्राउदर यांची स्वतःची तयारी नव्हती. व्हेन यांच्या आग्रहापुढे त्यांना मान तुकवावी लागली. २९ जून १८६४ रोजी कँटरबरीच्या कॅथीड्रलमध्ये त्यांना बिशपपदाची दीक्षा देण्यात आली. त्या गर्दीत वृद्ध झालेले हेन्री लीक उपस्थित होते. बेचाळीस वर्षांपूर्वी त्यांच्याच युद्धनौकेने अजायीला गुलामांच्या जहाजावरून सोडवले होते. फ्रीटाउनला त्याला अक्षरओळख करून देणारी शिक्षिकाही तेथे होती.

गौरवाच्या या प्रसंगातच एक मेख मारून ठेवली होती. क्राउदर यांचे अधिकारक्षेत्र होते पश्चिम आफ्रिकेतील ब्रिटिश हद्दीबाहेरचे मुलूख. परंतु अबेओकुटातील युरोपीय मिशनरी त्यांच्या अधिकाराखाली आले नाहीत. कृष्णवर्णीय बिशपच्या हाताखाली काम करण्याला टाउनसेंड यांचा विरोध होता आणि सोसायटीने तो मोडून काढला नाही. परिणामी योरुबा भाषेला ग्रंथ देणारा हा माणूस योरुबांच्या मुख्य प्रदेशाचा बिशप झालाच नाही. त्यांच्या वाट्याला आली नायजरची खोरी आणि तिचा दलदलीचा त्रिभुज प्रदेश.

तेथे त्यांनी सत्तावीस वर्षे काम केले. बॉनी आणि ब्रास या व्यापारी नगरांत केंद्रे उघडली, शाळा काढल्या. मुस्लिम राज्यकर्त्यांशी बोलताना त्यांनी वादंगापेक्षा संवादावर भर दिला. १८६७ मध्ये इडा येथील एका सरदाराने त्यांना डांबून ठेवले. त्यांच्या सुटकेच्या प्रयत्नात एका ब्रिटिश अधिकाऱ्याचा बाण लागून मृत्यू झाला. नायजरच्या खोऱ्याविषयीच्या त्यांच्या माहितीची दखल घेऊन लंडनच्या रॉयल जिऑग्रॅफिकल सोसायटीने १८८० मध्ये त्यांना सोन्याचे घड्याळ देऊन गौरवले.

मिशनच्या कामात उणिवा होत्याच. पगार तुटपुंजे होते आणि केंद्रे एकमेकांपासून शेकडो मैल दूर. प्रवास व्यापारी कंपन्यांच्या आगबोटींवर अवलंबून असे. सिएरा लिओनमधून आलेल्या बऱ्याच साहाय्यकांना स्थानिक भाषा येत नसत आणि ते दुभाष्यांच्या आधारे बोलत. स्वतः क्राउदर यांनाही इग्बो भाषेत योरुबाइतकी गती नव्हती. मातृभाषेचा पुरस्कर्ता स्वतःच्या कार्यक्षेत्रात परभाषक होता. काही साहाय्यकांचे वर्तन खरोखर आक्षेपार्ह होते आणि बिशप त्यांच्याशी सौम्यपणे वागत, हेही खरे.

१८७३ मध्ये व्हेन यांचे निधन झाले आणि काळ बदलला. आफ्रिकेच्या वाटणीसाठी युरोपीय सत्तांची चढाओढ सुरू झाली. १८८६ मध्ये रॉयल नायजर कंपनीला सनद मिळाली. आफ्रिकी माणूस स्वतःचा कारभार चालवू शकत नाही, ही समजूत ब्रिटनच्या सुशिक्षित वर्तुळांत मान्यता पावू लागली. याच हवेत वाढलेले ग्रॅहम विल्मट ब्रूक, जे. ए. रॉबिन्सन यांच्यासारखे उत्साही मिशनरी नायजरवर दाखल झाले. ब्रूक यांनी वयाची पंचविशी नुकतीच गाठली होती. ऑगस्ट १८९० मध्ये ओनिचाला मिशनच्या समितीची बैठक झाली. ऐंशी वर्षांचे बिशप नावाला अध्यक्ष होते. त्यांच्यासमोर त्यांच्या सहकाऱ्यांवर आरोपांची सरबत्ती झाली. अनेकांना निलंबित करण्यात आले आणि त्यांत बिशपांचे पुत्र आर्चडीकन डँडेसन क्राउदर हेही होते. दोषी आणि निर्दोष असा विवेक त्या झपाट्यात उरला नाही. धर्मगुरूला निलंबित करण्याचा अधिकार बिशपचा, की त्याच्या नातवंडांच्या वयाच्या सचिवांचा, हा मूळ प्रश्न होता. क्राउदर यांनी समितीचा राजीनामा दिला.

या घटनेने लागोस आणि फ्रीटाउनमधील सुशिक्षित आफ्रिकी समाज हादरला. पुढच्या काळात उभ्या राहिलेल्या स्वतंत्र आफ्रिकी चर्चच्या चळवळीला या अपमानाने बळ दिले. १८९२ मध्ये डँडेसन यांच्या नेतृत्वाखाली नायजरच्या त्रिभुज प्रदेशातील मंडळ्यांनी मिशनरी सोसायटीपासून फारकत घेऊन स्वतःचा कारभार सुरू केला. क्राउदर यांचे नातू हर्बर्ट मॅकॉले पुढे नायजेरियाच्या राष्ट्रीय चळवळीचे अग्रणी झाले.

हे सारे पाहायला क्राउदर राहिले नाहीत. ३१ डिसेंबर १८९१ रोजी लागोसला त्यांचे निधन झाले. त्यांच्या जागी युरोपीय बिशप नेमण्यात आला. १८९३ मध्ये दोन आफ्रिकी धर्मगुरूंना बिशपपद मिळाले, परंतु ते साहाय्यक म्हणून. नायजेरियात आफ्रिकी माणसाच्या हाती पुन्हा पूर्ण अधिकाराचा धर्मप्रांत यायला अर्ध्या शतकाहून अधिक काळ जावा लागला. आफ्रिकेच्या भाषेत धर्म पोहोचावा हे चर्चला मान्य होते. त्या भाषेत विचार करणाऱ्या माणसाच्या हाती धर्माचा कारभार द्यायला मात्र ते तयार नव्हते.

चूक मान्य व्हायला सव्वाशे वर्षे लागली. क्राउदर यांच्या बिशपपदाला दीडशे वर्षे पूर्ण झाली, त्या निमित्ताने २९ जून २०१४ रोजी त्याच कँटरबरी कॅथीड्रलमध्ये विशेष उपासना झाली आणि तत्कालीन आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांनी क्राउदर यांच्यावर झालेल्या अन्यायाबद्दल चर्चच्या वतीने क्षमा मागितली. तोवर अँग्लिकन पंथाचे जगातील सर्वांत मोठ्या समुदायांपैकी एक नायजेरियात उभे राहिले होते आणि इंग्लंडमधील प्रार्थनामंदिरांतली गर्दी ओसरत चालली होती.

योरुबा ही आज कोट्यवधी लोकांची भाषा आहे. तिच्यात वृत्तपत्रे निघतात, कादंबऱ्या लिहिल्या जातात आणि नभोवाणीवर प्रवचनांबरोबर बातम्या आणि राजकीय वादविवादही ऐकू येतात. क्राउदर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलेल्या प्रमाण लेखनभाषेचा या साऱ्याला आधार आहे. ते धर्मासाठी भाषेकडे वळले, आणि भाषा मात्र धर्माच्या मर्यादा ओलांडून पुढे गेली. त्यांच्याकडून हिरावून घेतलेला अधिकार कागदावरचा होता. आपल्या माणसांशी आपल्या भाषेत बोलण्याचा जो अधिकार त्यांनी मिळवून दिला, तो कोणत्याही समितीला निलंबित करता आला नाही.